किल्ली आहे, कागद नाही

*ताई, नमस्कार.*

*आम्ही पुण्यातल्या एका वस्तीत राहणाऱ्या अकरा जणी. वस्तीच्या तोंडाशी महापालिकेचं समाजमंदिर आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरची खोली बरीच वर्षं बंद पडून होती, छत अजूनही गळतं. सात वर्षांपूर्वी तेव्हाच्या नगरसेवकांनी ‘वापरा तुम्ही, मी बघतो’ म्हणून किल्ली दिली. तिथे आम्ही संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालवतो. दुपारी वस्तीतली म्हातारी माणसं येऊन बसतात, महिन्यातून एकदा त्यांचा रक्तदाब आणि साखर तपासून घेतो. सगळं वर्गणीवर. महिन्याला साडेचार-पाच हजार लागतात. वीज, झाडलोट, वर्तमानपत्रं आणि दहावीच्या मुलांना गणित शिकवायला येणाऱ्या एका तरुणाचं थोडंसं मानधन.*

*मागच्या आठवड्यात क्षेत्रीय कार्यालयातून माणूस येऊन दारावर नोटीस लावून गेला. खोली कोणत्या आदेशाने वापरता ते दाखवा, नाहीतर ताबा द्या. आमच्याकडे एकही कागद नाही. ते नगरसेवक आता पदावर नाहीत. शेजारच्या भागातले एक गृहस्थ म्हणतात, ‘माझी नोंदणी झालेली संस्था आहे, तिच्या नावावर महापालिकेचा निधी आणून देतो, वीस टक्के संस्थेला द्या.’ आमच्यातल्या दोघी म्हणतात, पालिकेचा पैसा घेतला की सेवा संपली, त्यापेक्षा बंद करू. आम्ही नोंदणी करावी का? पैसे मागावेत का? आणि मागायचे तर कोणाकडे?*

*— एक कार्यवाह, पुणे*

प्रिय ताई,

आधी तुम्हा अकरा जणींना मनापासून नमस्कार. वर्गणी काढून एक खोली सात वर्षं रोज उघडायची म्हणजे काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. आता थेट कामाचं बोलते, कारण नोटिशीला मुदत असते आणि तुमची मुदत चालू झालेली आहे.

नोटिशीला उत्तर द्या. लेखी द्या, मुदतीत द्या. नोटीस आली की बहुतेक गट माजी नगरसेवकाकडे धाव घेतात, कोणाला तरी साहेबांना फोन करायला लावतात आणि त्यात दिवस निघून जातात. मग फायलीवर शेरा पडतो, ‘संबंधितांकडून खुलासा प्राप्त नाही.’ तेवढ्या एका ओळीवर खोलीला कुलूप लागू शकतं. नोटीस लावणाऱ्या माणसावर रागावू नका. महापालिकेची मिळकत कोण वापरतंय, कशाच्या आधारावर वापरतंय, हे विचारणं त्याचं कामच आहे. उद्या कोणी समाजमंदिरात मांडववाल्याचं गोदाम थाटलं तर त्यालाही हाच प्रश्न विचारला जावा असं तुम्हालाही वाटेल.

उत्तरात जे खरं आहे तेच लिहा. साधारण असं:

‘सदर खोली आम्ही स्थानिक महिला अमुक सालापासून वस्तीतील मुलांची अभ्यासिका व ज्येष्ठ नागरिकांचे विरंगुळा केंद्र यासाठी विनामोबदला वापरत आहोत. त्या वेळी लेखी आदेश घेतलेला नाही. खोलीचा व्यापारी वापर केलेला नाही, कोणाकडूनही भाडे घेतलेले नाही. खोलीवर आमचा मालकीचा अथवा भाडेहक्काचा कोणताही दावा नाही. उपक्रम नियमानुसार पुढे चालू ठेवण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.’

यातलं ‘दावा नाही’ हे वाक्य काही झालं तरी गाळू नका. आज या लोकांना खोली दिली तर उद्या ते कोर्टात जाऊन ‘आम्ही इथले भाडेकरू’ म्हणतील, ही अधिकाऱ्यांच्या मनात कायम असलेली भीती आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. तुम्ही आपणहून ती काढून टाकलीत की पुढचं बोलणं सोपं होतं. सोबत उपस्थितीच्या वहीची काही पानं, वीजबिल भरल्याच्या पावत्या आणि मुलं अभ्यास करतानाचे चार-पाच फोटो जोडा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ असं कोणी म्हटलं तर साहेबांची वाट पाहू नका. आवक-जावकचं टेबल वेगळं असतं, पोच तिथे मिळते. तिथेही नाही म्हणाले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

जागेची अडचण कुठे आहे तेही समजून घ्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ महापालिकेच्या मिळकती कशा द्यायच्या ते सांगतं. भाडेपट्टा आला की बाजारभाव आला, असा त्याचा सर्वसाधारण रोख आहे. पुण्याची त्यावर २००८ ची मिळकत वाटप नियमावलीही आहे. म्हणजे ‘खोली आम्हाला भाड्याने द्या’ असं लिहिलंत की तुमची फाइल बाजारभाव आणि निविदा यांच्या रांगेत जाऊन बसते, आणि त्या रांगेत पैसेवाला माणूस तुमच्या पुढे उभा असतो. म्हणून भाडेपट्टा मागू नका. ताबा महापालिकेचाच राहू दे. तुम्ही ठरलेल्या वेळेत उपक्रम चालवण्याची परवानगी मागा. दुपारी दोन ते पाच आणि संध्याकाळी सहा ते दहा, असं स्पष्ट लिहा. उरलेल्या वेळी महापालिकेला लसीकरणाला किंवा शिबिराला खोली लागली तर ती उघडून देऊ, स्वच्छता आम्ही बघू, हेही लिहा. पुण्यात कितीतरी विरंगुळा केंद्रं महापालिकेच्या वास्तूत आहेत आणि रोजचं कामकाज ज्येष्ठ नागरिक संघ बघतात. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

आता पैशांकडे येते.

तुमच्यासारख्या गटांना वाटून द्यायला महापालिकेच्या तिजोरीत कुठेतरी निधी ठेवलेला असतो आणि योग्य माणूस भेटला की तो मिळतो, हा समज आधी मनातून काढा. महापालिकेचा रुपया अंदाजपत्रकात एखाद्या शीर्षकाखाली तरतूद असल्याशिवाय हलत नाही. त्या शीर्षकात ‘चांगलं काम करणाऱ्या बायका’ असं कुठे लिहिलेलं नसतं. तिथे दुरुस्ती असते, विद्युतविषयक कामं असतात, प्रशिक्षण असतं, मानधन असतं, साहित्य खरेदी असते. म्हणून ‘आमच्या गटाला अनुदान द्या’ या अर्जाचं पुढे काही होत नाही. आणि ‘समाजमंदिराच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीचं छत गळतं ते दुरुस्त करा’ हा अर्ज कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर जातोच जातो. तो नंतर पुढे सरकतो की नाही हा वेगळा प्रश्न, पण निदान त्याला टेबल असतं.

तुमचा महिन्याचा खर्च या नजरेने पुन्हा मांडून बघा. वीज, झाडलोट, दिवे-पंखे, छत, जिना, बाकं, कपाट. हे सगळं त्या वास्तूचं आहे आणि वास्तू महापालिकेची आहे. म्हणजे आजवर तुम्ही वर्गणी काढून महापालिकेच्या इमारतीची देखभाल केलीत. हे त्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांगायला हवं. वर्तमानपत्रं, चहा आणि गणिताच्या शिकवणीचं मानधन मात्र तुमच्या उपक्रमाचं. ते सध्या तरी महापालिकेकडे मागू नका. का, ते पुढे सांगते.

कायद्याने महापालिकेची कामं दोन गटांत वाटली आहेत. कलम ६३ मधली बंधनकारक, म्हणजे पाणी, सांडपाणी, रस्ते, दिवे, कचरा वगैरे. कलम ६६ मधली ऐच्छिक. लोकांच्या शिक्षणासाठी, आरोग्यासाठी, सोयीसाठी करता येण्यासारखं बरंच काही या दुसऱ्या गटात बसतं. तुमची अभ्यासिकाही तिथलीच. बंधनकारक काम झालं नाही तर जाब विचारता येतो. ऐच्छिक काम कोणीतरी मागावं लागतं, मागत राहावं लागतं. शिवाय ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरी संस्थांच्या कामांची जी १८ विषयांची यादी घटनेत आणली, तिच्यात दुर्बल घटकांचं हितरक्षण आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाबींना उत्तेजन आहे. अर्जात कलमांची माळ ओवू नका, त्याने समोरचा सावध होतो. पण आपण भीक मागायला आलेलो नाही, एवढं मनात पक्कं असावं म्हणून हे सांगितलं.

मग दार कुठलं ठोठवायचं?

पहिलं दार नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकाचं. पुणे महापालिकेत हे २००६-०७ पासून चालू आहे, तरी शहरातल्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ता नसेल. दरवर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, पुढच्या आर्थिक वर्षासाठी प्रभागातली लहान कामं सुचवा असं महापालिका जाहीर करते. वर्तमानपत्रात निवेदन येतं, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. एका कामाची मर्यादा पाच लाख रुपये अशी चालत आली आहे. तुमच्या खोलीला पाच लाखांत काय होणार नाही!

हा अर्ज कसा भरायचा यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण सगळं तिथेच ठरतं. ‘समाजमंदिर सुधारणे’ असं मोघम लिहिलंत तर त्या शब्दांत काहीही बसतं. बाहेरच्या भिंतीला रंग लागतो, कमानीवर नाव येतं आणि तुमचं छत गळतच राहतं. असं लिहा: ‘अमुक समाजमंदिर, पहिला मजला, पूर्वेकडील खोली. छताची गळती थांबवणे. सहा ट्यूबलाइट व चार पंखे बसवणे. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. वीस मुलांसाठी टेबल-बाकं.’ जिन्याच्या कठड्याचं विसरू नका, तुमच्याकडे म्हातारी माणसं चढून येतात. खोलीची मापं घ्या, फोटो जोडा. गल्लीत एखादा इलेक्ट्रिशियन असेलच, त्याच्याकडून साधा अंदाज लिहून घ्या. आणि एकट्या गटाच्या नावाने एक अर्ज देऊन थांबू नका. अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांच्या आयांनी आणि ज्येष्ठांनीही आपापल्या नावाने तेच काम सुचवावं.

अर्ज दिला म्हणजे झालं असं मात्र नाही. आयुक्तांचं अंदाजपत्रक जानेवारी ते मार्चच्या दरम्यान स्थायी समितीपुढे येतं, समिती त्यात आपले बदल करते आणि मुख्य सभा मंजुरी देते. छापील अंदाजपत्रक महापालिकेच्या संकेतस्थळावर येतं. गटातल्या शिकलेल्या मुलीला बसवा आणि आपल्या प्रभागाची पानं शोधून काढायला सांगा. तुमच्या समाजमंदिराचं नाव आणि त्यापुढे रक्कम दिसली की त्या पानाची छपाई काढून खोलीत लावा. तिथून पुढे तो पैसा तुमच्या डोळ्यांसमोर राहिला पाहिजे, कारण वर्ष सरत आलं की वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात. एका कामाची न वापरलेली तरतूद दुसऱ्या कामाकडे वळते आणि ज्यांच्यासाठी ती होती त्यांना कळतही नाही. दिवाळी झाली की कनिष्ठ अभियंत्याला भेटून पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, झालं का, निविदा निघाली का, हे विचारायचं. मार्चएंडला जाऊन उपयोग नसतो, तेव्हा त्यांच्याच डोक्यावर बिलांचा ढीग असतो.

दुसरं दार नगरसेवकांचं. तुम्ही एकाच नगरसेवकाबद्दल लिहिलंय. पुण्यात एका प्रभागातून चार जण निवडून जातात, एका प्रभागातून तर पाच. मार्च २०२२ ला आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात तुमच्यासारखे एका माणसाच्या शब्दावर चाललेले बरेच गट उघड्यावर पडले. आता जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर पुन्हा नगरसेवक आहेत, तर चौघांनाही भेटा. ते कोणत्याही पक्षाचे असोत, एकच निवेदन, एकाच मजकुराचं, चौघांना. त्यांनी सुचवलेली प्रभागातली कामं अंदाजपत्रकाच्या ‘स’ यादीत जातात. ‘आमच्या भागात बाकडी आणि कापडी पिशव्या पुष्कळ वाटून झाल्या, या वर्षी या खोलीचं काम घ्या,’ असं मोकळेपणाने सांगा.

त्यांच्याकडून मदत घेताना एक अट आजच ठरवून टाका: खोलीत कोणाचाही फोटो लागणार नाही. काम झाल्यावर बाहेर महापालिकेचा नियमाप्रमाणे फलक लागेल तो लागू दे. आत फक्त मुलांचं वेळापत्रक. ही अट पहिल्या दिवशी सांगितली तर कोणी मनाला लावून घेत नाही. फोटो लागल्यावर काढायला गेलात तर भांडण होतं.

तिसरं दार समाज विकास विभागाचं, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ते ‘नागरवस्ती’च आहे. त्यांच्या समूह संघटिका वस्तीपातळीवर काम करतात. तुमच्या भागाची संघटिका कोण ते विचारा आणि तिला एकदा अभ्यासिका भरलेली असताना बोलवा. महिला व बालकल्याणाची तरतूद, प्रशिक्षणाचे वर्ग, दहावी-बारावीला चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांचं अर्थसाहाय्य, या सगळ्याची वाट तिच्या टेबलावरून जाते. दहावीला पंधरा हजार आणि बारावीला पंचवीस हजार अशी ही योजना पुण्यात बरीच वर्षं चालत आली आहे. तुमच्या अभ्यासिकेतल्या किती मुलांनी अर्ज केला? आधी हेच तपासा. गटाच्या हातात रुपयाही न येता वस्तीत पैसा येण्याचा हा सगळ्यात सरळ रस्ता आहे, आणि अर्ज भरून देण्याचं काम तुमच्या अकरा जणींइतकं चांगलं कोणी करणार नाही. त्या वर्षीची गुणांची अट आणि शेवटची तारीख खोलीतल्या फळ्यावर लिहून ठेवा.

बचत गटांसाठीचं फिरतं भांडवल आणि व्याजातली सवलत हे रोजगारासाठी असतं. ते अभ्यासिकेला लावू नका, हिशेब गुंतागुंतीचा होऊन बसेल. आमदार निधीतून बांधकाम आणि टिकाऊ वस्तू होतात, रोजचा खर्च नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचं अनुदान राज्य सरकारचं असतं, १९६७ च्या कायद्याखाली, आणि अभ्यासिका म्हणजे ग्रंथालय नव्हे. हे तिन्ही रस्ते तुम्हाला कोणी ना कोणी सुचवेलच, म्हणून लिहिलं.

आता त्या वीस टक्केवाल्या गृहस्थांचं.

त्यांना नाही म्हणा. चहा पाजा, गोड बोला, पण नाही म्हणा. त्यांच्या संस्थेच्या नावावर पैसा आला तर करारनामा त्यांचा, बँकखातं त्यांचं, पैसा कुठे खर्च झाला ते सांगणाऱ्या विनियोग प्रमाणपत्रावर सही त्यांची. तुमचं त्यात काय? फोटो तुमचे, मुलं तुमची, घाम तुमचा. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर चौकशीला येणारा माणूस पहिल्यांदा तुमच्या खोलीत येईल, कारण काम तिथे झाल्याचं कागदावर लिहिलेलं असेल. आणि लोकांच्या कराच्या पैशातला पाचवा हिस्सा नुसती ओळख लावून देण्यासाठी काढून घ्यायचा, हे चूक आहे. याला दुसरा शब्द नाही. उपस्थितीच्या वहीची झेरॉक्स, मुलांचे फोटो, सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रती त्यांना देऊ नका. आधीच दिल्या असतील तर कोणत्या कामासाठी दिल्या ते लिहून परत मागा. आपल्या भागात कोणत्या संस्थेला कशासाठी किती रक्कम दिली, ही माहिती दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर मागता येते, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. तो अर्ज करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण असा अर्ज करता येतो एवढं त्या गृहस्थांच्या कानावर गेलं तरी पुष्कळ फरक पडतो.

नोंदणी करावी का? माझं उत्तर हो आहे, पण डोळे उघडे ठेवून. किमान सात जणींची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवता येते, आणि महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही येते. म्हणजे दरवर्षी हिशेबतपासणी आली. कार्यकारिणीत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज आला. कितीतरी संस्था नोंदणीच्या वर्षी पेढे वाटतात आणि पुढे दहा वर्षं बदल अर्ज देत नाहीत. मग कागदोपत्री अध्यक्ष म्हणून एखाद्या वारलेल्या बाईचं नाव राहतं आणि बँक खातं गोठवते. म्हणून नोंदणीच्या आधीच एक लेखापरीक्षक ठरवा आणि त्याची वर्षाची फी वर्गणीत धरा.

उद्दिष्टं लिहिताना शिक्षण, आरोग्य, ज्येष्ठांची सेवा आणि महिलांचं सक्षमीकरण ही चारही लिहा. आणि अध्यक्ष तुमच्यातलीच असू द्या. सोयीसाठी म्हणून कोणाचे यजमान किंवा माजी नगरसेवक कार्यकारिणीत घेऊ नका. सह्या करायला ज्या दोघी रोज भेटतात त्यांचीच नावं बँकेत द्या.

नोंदणीचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. महानगरपालिका अधिनियमातलं प्रभाग समित्यांविषयीचं कलम २९ अ म्हणतं की समितीच्या क्षेत्रात समाजकल्याणाचं काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांमधून तीनपर्यंत सदस्य नामनिर्देशित करता येतात. या जागा बहुतेक वेळा राजकीय कार्यकर्त्यांनी भरतात. तुमच्यासारख्या गटाने त्यांवर हक्क सांगावा असं मला फार वाटतं. पहिल्या खेपेला होणार नाही. तरी मागून ठेवा, लेखी.

काम करून देण्याबद्दल महापालिकेकडून करारावर पैसे घेणं हा त्याच्या पुढचा टप्पा. पुण्यातच ‘स्वच्छ’चं उदाहरण आहे. कचरावेचक बायकांची ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबरच्या करारावर घरोघरचा कचरा गोळा करते आणि घरांकडून ठरलेलं शुल्क घेते. केरळमध्ये कुटुंबश्री या सरकारी योजनेतल्या बचत गटांच्या बायकांनी वीस रुपयांत जेवण देणारी जनकीय हॉटेलं चालवली, तिथे स्थानिक संस्थांनी जागा दिली आणि सरकारने ताटामागे अनुदान. मुंबईत २००१ पासून दत्तक वस्ती योजनेत आणि तिच्यानंतर आलेल्या योजनेत वस्त्यांमधल्या संस्था गल्ल्यांची सफाई बघत आल्या, आणि २०२४ मध्ये तिथल्या महापालिकेने सगळ्या वस्त्यांच्या सफाईची चौदाशे कोटींची एकत्र निविदा काढली तेव्हा लहान संस्थांच्या पोटात गोळा आला. एवढ्या मोठ्या निविदेत गल्लीतला गट उतरणार कसा? करार चांगला, पण तो मोडू शकतो किंवा मोठ्या माशाकडे जाऊ शकतो, हे धरूनच त्यात उतरायचं. तुम्ही अजून दोन वर्षं तरी त्या फंदात पडू नका. आधी खोली पक्की करा.

शेवटी तुमच्या त्या दोघी. त्यांना बाजूला सारू नका, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पालिकेचा पैसा आला की सही-शिक्के येतात, उद्घाटनं येतात, ‘आमच्यामुळे चाललंय’ म्हणणारे येतात आणि हळूहळू बायका मुलांकडे पाहायचं सोडून फायलीकडे पाहायला लागतात. हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण बंद करणं हा त्यावरचा उपाय कसा होईल? घरपट्टी, पाणीपट्टी या शहरातली माणसंच भरतात, तुमच्या वस्तीतली माणसं दुकानातून साबण आणतात तेव्हाही कर भरतात. त्या पैशातून त्यांच्या मुलांच्या डोक्यावरचं छत गळायचं थांबलं तर त्यात मिंधेपणा कसला?

त्या दोघींसाठी, आणि तुम्हा सगळ्यांसाठीच, मी सुचवेन ते असं. वास्तूचा खर्च महापालिकेने करावा आणि माणसांचा खर्च वर्गणीतून व्हावा. वीज, दिवे, दुरुस्ती, झाडलोट यांसाठी पाठपुरावा करा. चहा, वर्तमानपत्रं, तपासणीच्या पट्ट्या आणि शिकवणी वर्गणीवर ठेवा, मग ती महिन्याला दहा रुपये का असेना. तसं केलं तर उद्या आयुक्त बदलले, नगरसेवक बदलले, तरतूद दुसरीकडे गेली, तरी खोलीत मुलं येत राहतील. हिशेब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खोलीच्या दारावर लावा: किती आले, किती गेले, काय शिल्लक. तो लिहिण्याचं काम त्या दोघींकडेच द्या. ज्यांना पैशाची शंका वाटते त्यांच्याच हातात वही असलेली बरी, आणि त्याही मग बंद करायचं म्हणणार नाहीत असं मला वाटतं.

महापालिकेने विजेचा आणि झाडलोटीचा भार उचलला की महिन्याला तुमचे हजार-दीड हजार तरी वाचतील. ते शिलकीत टाकू नका. गणित शिकवणाऱ्या त्या मुलाचं मानधन वाढवा.

तुमची,
ताई